द्रासला मुक्काम करावा की नुसतं थांबून पुढे जावं?

सायली_इंदिरानगर:
नमस्कार मंडळी. जुलैमध्ये श्रीनगर-लेह रस्त्यानं जातोय. टूरवाल्याच्या कागदावर ‘द्रास वॉर मेमोरियल – १ तास’ आणि मुक्काम थेट कारगिलला. बाबा म्हणतात, राहायचं तर द्रासलाच. वय सत्तर, बीपीची गोळी चालू. नाशिकजवळ देवळाली कॅम्पात, म्हणजे तोफखान्याच्या छावणीत, आमचं दुकान होतं, त्यामुळे तोफखान्याचा विषय निघाला की त्यांना आवरणं कठीण. तिथं रात्र काढण्यासारखं काही आहे का?

जुना_गोलंदाज:
ताई, बाबांचं ऐका. एका तासात काय होतं सांगतो. ओळखपत्र दाखवा, तिरंग्यासमोर फोटो, चहा, टी-शर्ट, चला गाडीत. मान वर करून तोलोलिंगच्या डोंगराकडे कुणी धड बघत नाही, आणि स्मारक तर त्याच्याच पायथ्याशी आहे!

तिथला जवान हात करून एकेक शिखर दाखवतो, तेव्हा बाबांना पुढे उभं करा. १९९९ च्या कारगिल युद्धात वर बसलेल्या पाकिस्तानी घुसखोराला श्रीनगरहून लेहला जाणारा एकेक ट्रक दिसायचा. तो वायरलेसवर सांगणार आणि मागून त्यांच्या तोफांचा गोळा रस्त्यावर. म्हणून आधी तोलोलिंग. १८ ग्रेनेडियर्स पलटणीनं त्या उतारावर फार सोसलं, १३ जून १९९९ ला २ राजपुताना रायफल्सनं ते घेतलं. टायगर हिल ४ जुलैला.

आता आमच्या घरची, म्हणजे तोफखान्याची गोष्ट. बोफोर्स तोफ एरवी डोंगराआडून मारा करते, तोफेवरच्या पोरांना लक्ष्य दिसतही नाही. द्रासला ती उघड्यावर आणून समोरच्या बंकरवर सरळ नेम धरला. म्हणजे आपण त्यांना दिसतोय हे माहीत असून तोफ चालवायची. त्या लढाईत अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली गेली. तिथल्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ नाव मिळालं ते तोफखान्याच्या या कामगिरीसाठी. उशिराच मिळालं, असं माझं मत.

मुक्काम कशासाठी? भर दुपारी तो डोंगर नुसता तपकिरी ढीग दिसतो. ऊन कललं की उतारावरच्या घळी उघड्या पडतात. ना झाड, ना आडोसा. पोरं रात्रीच का चढली, ते तेव्हा कळतं.

गोदाकाठची_मीनल:
आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. श्रीनगर सव्वापाच हजार फूट, द्रास पावणेअकरा हजारांच्या वर, आणि मधे झोजिला खिंड साडेअकरा हजार. उंचीची सवय व्हावी म्हणून वाटेत एक रात्र सोनमर्गला काढा, डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. पोहोचल्या दिवशी बाबांना पायऱ्या-चढ नको. आपलं इकडचं प्रीपेड सिम तिकडे बंद पडतं, पोस्टपेड एक तरी असू द्या. हॉटेलं साधी, गरम पाणी मागून घ्यावं लागतं.

आणि गाव बघा हो! सगळे सैनिकांबद्दल विचारतात. गोळे पडायला लागल्यावर द्रासच्या लोकांनीही घरदार सोडलं होतं, आणि इथल्याच हमालांनी दारूगोळा, रेशन पाठीवर घेऊन वर पोचवलं. बाजारात चहा पिताना एखाद्या म्हाताऱ्या काकांशी बोलणं झालं, तर घाई करू नका.

सायली_इंदिरानगर:
दोघांचे आभार. मग २६ जुलैच साधावी का? कारगिल विजय दिवस असतो ना?

जुना_गोलंदाज:
माझं विचाराल तर नको. तो दिवस शहिदांच्या घरच्यांचा. बडे पाहुणे, बंदोबस्त, गाड्या अडवलेल्या. बाबांना उन्हात उभं राहावं लागेल. दोन-चार दिवस आधी गेलात तर नावांच्या भिंतीपाशी निवांत थांबता येईल. टूरवाला कुरकुर करेल, पण द्रास ते कारगिल साठेक किलोमीटरच आहे. सकाळी नाश्ता करून निघालात तरी त्याचं पुढचं गणित काही बिघडत नाही. जाकीट जुलैतही लागतं.