रेडीमेड खेळाडू?
कोणीतरी म्हटलंय की जपानची रग्बी टीम म्हणजे बाहेरून आणलेले रेडीमेड खेळाडू. जपानचा कॅप्टन राहिलेल्या मायकेल लीचला तरी हे लागू होत नाही हो. गडी न्यूझीलंडचा, आई फिजीची, पण पंधराव्या वर्षीच साप्पोरोच्या शाळेत गेला, मग तोकाई युनिव्हर्सिटी, मग तोशिबा कंपनीची रग्बी टीम, म्हणजे घडलाच तिकडे, आणि २०१३ला नागरिकत्वपण घेतलं.

२०१५चा वर्ल्ड कप, ब्रायटन, समोर साउथ आफ्रिका, अगदी शेवटी पेनल्टी मिळाली, २९-३२ मागे, किक मारली की तीन पॉइंट आणि मॅच ड्रॉ, कोच एडी जोन्सलाही किकच हवी होती आणि हा पठ्ठ्या कॅप्टन म्हणतो स्क्रम घेऊ (दोन्ही टीमचे गडी एकमेकांना भिडून बॉलसाठी रेटारेटी करतात तो)! मग जपानच्याच हेस्केथचा ट्राय (बॉल समोरच्यांच्या गोल-लाइनपलीकडे टेकवणे, पाच पॉइंट), ३४-३२. अंगावर काटा येतो राव अजून. भाड्याचा माणूस कशाला घेईल अशी रिस्क?