क्षयरुग्णांना प्रश्न कसे विचारावेत? मदत हवी आहे (नागपूर)

नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्य विषयाची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून नागपुरातील एका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात, क्षयरोगाविषयी रुग्णांना काय माहीत आहे आणि काय वाटते, यासाठी प्रश्नावली भरून घेत आहे. अडचण अशी की उत्तरे संशय यावा इतकी बरोबर येतात. आजार कशाने पसरतो, तर ‘खोकल्यातून, हवेतून’. औषध किती दिवस, तर ‘सहा महिने’. मी ज्या भिंतीला पाठ लावून बसते तिच्यावरच हे सारे लिहिलेले आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

कागद मिटल्यावर जे ऐकायला मिळते ते निराळेच असते. हवेतून पसरतो असे सांगणाऱ्या एका काकूंनी स्वतःचे ताट-पेला वेगळा केला आहे, पण झोपायच्या खोलीची खिडकी थंडीमुळे बंदच असते. चौथ्या महिन्याच्या गोळ्या घेणारे एक काका म्हणाले, ‘मला टीबी नाही, छातीत नुसता डाग आहे.’ एकाने लघवी नारिंगी झाल्यावर काविळीच्या भीतीने आठवडाभर गोळ्या थांबवल्या. क्षयाच्या गोळ्यांतील रिफाम्पिसिन या औषधामुळे तसे होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि माझ्या प्रश्नावलीतही त्याला जागा नव्हती. क्षयरुग्णांच्या पोषणासाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून दरमहा १००० रुपये मिळतात हे ठाऊक असूनही एका नवविवाहितेने खाते क्रमांक दिला नाही, कारण पासबुक सासरे भरून आणतात.

प्रश्नात ‘क्षयरोग’ म्हणावे, ‘टीबी’ की ‘डाग’? आणि नातेवाईक शेजारी बसलेले असताना मनातले कसे काढून घ्यावे?

प्रतिसाद:
ताई, मी टीबी हेल्थ व्हिजिटर (क्षयरुग्णांच्या उपचारांचा पाठपुरावा करणारा आरोग्य कर्मचारी) म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. आधी खुर्ची हलवा. आजाराचे नाव आपण घेऊ नका. ‘गोळ्या कशासाठी सुरू आहेत?’ असे विचारून रुग्ण जो शब्द वापरेल तोच पुढे वापरा आणि तो नोंदवूनही ठेवा. मत विचारण्यापेक्षा कालचा दिवस विचारा: जेवण कोणाबरोबर केले, गोळी घेताना घरात कोण होते, पाकीट कुठे ठेवले. पिठाच्या डब्यामागे पाकीट ठेवणारी बाई आपल्या कोणत्याही रकान्यात बसणार नाही, तरी ते वाक्य तसेच लिहून घ्या. नातेवाइकांना मात्र उठवू नका, त्याने संशय वाढतो. वजन करण्यासाठी रुग्णाला आत नेतात, तेवढ्या वेळात हे प्रश्न आटोपतात.