मोठ्या बाबांची मान (‘वाड्यावरचे सगळे’ हा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप)

पिंटू (पुणे): मोठे बाबा, व्हिडिओ पाहिला का? मानेच्या लिगामेंटमध्ये साखरेचं इंजेक्शन. प्रोलोथेरपी म्हणतात. ऑपरेशनची भानगडच नाही.

मोठे बाबा: साखरेचं? मले शुगर हाय ना बे.

मोठी आई: यायची मान पोळ्यापासून धरून हाय. दारव्हा रोडवर ब्रेकरपाशी गाडी हळू केली त मांगून टेम्पोनं ठोकलं. पडले नाई, खरचटलं नाई. मानीले फक्त झटका बसला. दुसऱ्या दिवशी उठताच येईना. आता कोनी हाक मारली त मान नाई, अख्खे वळतेत.

शीतल (फिजिओ, नागपूर): याला व्हिपलॅश म्हणतात. एक्स-रेत हाडं ठीक दिसतात, पण मणक्यांचे बारके सांधे अन् त्यांना बांधून ठेवणारी लिगामेंटं ताणली जातात.
पिंटू म्हणतो ते डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, बहुतेक १२.५ ते २५ टक्क्यांचं. लिगामेंट हाडाला चिकटतं तिथं टोचतात. मुद्दाम थोडी सूज आणायची, म्हणजे शरीर डागडुजीला लागतं, नवं कोलेजन, म्हणजे लिगामेंटचा धागा, तयार होतो, असा हिशोब. जॉर्ज हॅकेट नावाच्या अमेरिकन सर्जननं १९५० च्या दशकात हे नाव दिलं. एका सुईत भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. अन् व्हिपलॅशसाठी पुरावा पातळच आहे.

पिंटू (पुणे): पण व्हिडिओत तो माणूस दोन मिनिटांत मान फिरवते ना!

शीतल: त्यात बधिर करायचं औषध मिसळलेलं असतं रे. दोन मिनिटांत मान फिरली ती त्याच्यानं. कोलेजन काय दोन मिनिटांत बनते?

काकाजी: स्टँडजवळचा डॉक्टर बी मानीत सुई देतो म्हने. लगेच आराम.

शीतल: ते बहुतेक स्टेरॉइड असंल, काकाजी. त्यानं शुगर चढते. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात व्हिपलॅशवाल्यांच्या मानेच्या सांध्यांत स्टेरॉइड देऊन पाहिलं होतं, नुसत्या बधिर करणाऱ्या औषधापेक्षा जास्त फायदा निघाला नाही. अन् मानेत अंदाजे सुई खुपसायचीच नाही. मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी तिथूनच जाते. सोनोग्राफी नाही त एक्स-रे मशीनवर पाहत देणारा पाहिजे.

मोठी आई: सूज उतरायच्या दोन गोळ्या रोज चालू हायेत यायच्या.

शीतल: बापरे, दीड महिना? शुगर असताना किडनीचं काय? अन् प्रोलोथेरपीवाले तर ह्या गोळ्या आधी बंद करायला लावतात. त्यांना सूजच हवी असते.
गळ्यातला पट्टा अजून लावता का?

मोठे बाबा: झोपतो बी पट्ट्यातच.

शीतल: काढा. अंगची ताकद जाते मानेची. आधी एक सांगा, मानेतली मुख्य नस दबली नाही ना ते पाहायचंय: हाताला मुंग्या? चालताना तोल जातो? शर्टाची बटनं नीट लागतात?

मोठी आई: बटनं मीच लावते.

शीतल: कधीपासून?? 😟

मोठे बाबा: लग्नापासून.

काकाजी: 😂😂

शीतल: हसू नका. मोठे बाबा, आत्ता स्वतः लावून पाहा.

मोठे बाबा: लावली. एक वर-खाली झालं.

शीतल: बोटं जड वाटली?

मोठे बाबा: चष्मा नोता डोयावर. मुंग्या नाई, तोल बी बरोबर हाय.

शीतल: तरी मंगळवारी सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवू. सुईचं नंतर पाहू, आधी तपासणी अन् व्यायाम. मी थेट तिथं येते.

मोठे बाबा: मंगळवारी थ्रेशर येनार हाय. पिकाची गंजी भिजली त तू भरून देशीन काय?

शीतल: मग बुधवारी. अन् पोती उचलायची नाहीत.

मोठी आई: मी पाहतो कशे उचलतेत त.