मदत हवी आहे: हसवून गळी उतरवणाऱ्या जाहिराती सुचवा

मंडळी, दहावीला जाहिरातलेखन शिकवतेय. मुलं ‘त्वरा करा! आजच भेट द्या!’च्या पुढे सरकतच नाहीत. म्हणून फेविकॉलची अंड्याची जाहिरात दाखवली. ढाब्यावरचा माणूस अंडं आपटून आपटून दमतो, ते काही फुटत नाही; कारण कोंबडी फेविकॉलच्या डब्यातून दाणे टिपतेय! वर्ग खो खो हसला, आणि एकही विशेषण न वापरता वस्तूचा गुण कळला. मग सर्फ धुण्याच्या पावडरीच्या जुन्या जाहिरातीतल्या ललिताजी दाखवल्या. तिथे विनोदापेक्षा हिशेब जास्त, थेट गृहिणीच्या काटकसरीला हात. (आईला अजून पाठ आहेत त्या.)

आता अडलंय ते मधल्याशी. हसूही येईल आणि भीती किंवा जिव्हाळाही जागा होईल, अशी टीव्हीवरची जाहिरात आठवते का कुणाला? शक्यतो मराठी. हसलो पण वस्तूचं नाव विसरलो, असं उदाहरणही चालेल. तास गुरुवारी आहे.