सोसायटीचा फंड: आधी सोलर की आधी गच्ची?

त्रिमूर्तीनगरकर: नागपुरातली आमची इमारत जुनी, चार मजली. फंडात एकाच कामापुरते पैसे आहेत. अर्धे सभासद म्हणतात सोलर बसवा, कोळसा कमी जळेल. बाकीचे म्हणतात गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारा. मी सोलरच्याच बाजूचा. पण आई सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, अन् मे महिन्यात तिच्या खोलीचा स्लॅब मध्यरात्रीही तापलेला असतो. आमसभेत काय मांडू?

नागनदीकाठ: आधी रंग, भाऊ. अन् पार्किंगमधल्या मीटरपेट्या वर घ्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. असा पाऊस पुन्हा येणार, हे धरूनच चालायला पाहिजे.

कोराडीचा निवृत्त: मी कोराडीच्या, कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात नोकरी केली. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. तुमच्या गच्चीवरच्या सोलरनं पुढचा मे काही थंड होत नाही. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं तिथंच राहतो. कपातीचा फायदा उशिरा मिळतो अन् साऱ्या जगात वाटला जातो. रंगाचा फायदा याच उन्हाळ्यात तुमच्या आईला. म्हणून फंड गच्चीला द्या.

पण सोलर रद्द करू नका, त्यासाठी कर्ज काढा. सोलर बिलातून स्वतःची किंमत फेडतं, रंग तशी फेडत नाही. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप त्यात येतात.

अन् गच्ची तशीच ठेवून घरोघरी एसी लागले, तर तो कोळसा पुन्हा कोराडीतच जळणार. कूलर कोरड्या मेमध्ये चालतो, जूनमध्ये हवा दमट झाली की निकामी. २०१३ च्या मेमध्ये इथं ४७.९ अंश नोंदले गेले. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर नुसत्या रंगानं कुठवर भागणार? सोलरचा ठराव त्याच सभेत मंजूर करून घ्या. पुढच्या वर्षावर ढकलला की तो बारगळतो.

त्रिमूर्तीनगरकर: दोन्ही ठराव एकत्रच ठेवतो. पॅनलखालच्या भागालाही रंग लागेल का?

कोराडीचा निवृत्त: तिथं पॅनलची सावली असते, रंगाची गरज नाही. वॉटरप्रूफिंग मात्र पूर्ण गच्चीचं, अन् स्टँड बसवण्याच्या आधी. नंतर पॅनलखाली हात पोचत नाही.