शब्दचर्चा : नावाभोवतीच्या पांढऱ्या कडेला काय म्हणावं?

अमळनेर तालुक्याचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. खाली उपग्रहाचं चित्र, त्यावर रस्ते, नद्या, गावांची नावं. चित्रावर अक्षरं बुडतात, म्हणून लेबलाभोवती, म्हणजे नकाशावरच्या नावाभोवती, पांढरी कड दिली. सॉफ्टवेअर तिला ‘बफर’ म्हणतं. परवा गावच्या बैठकीत सहज बोलून गेलो, “बोरी नदीच्या नावाला 1 मिलिमीटरचा बफर दिलाय.” मागून एक काका उठलेच, “नदीले बफर? मंग मन्हा मळा गया का?”

त्यांचं काही चुकलं नाही. दहाच मिनिटांपूर्वी मी त्यांना नदीच्या दोन्ही अंगांना 100 मीटरचा बफर, म्हणजे जमिनीचा पट्टा, काढून दाखवला होता. तो बफर जमीन धरतो, हा नुसता अक्षराला उठाव देतो. शब्द मात्र एकच.

आर्कजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या कडेला ‘हेलो’ म्हणतात. ते म्हटलं असतं तर काकांनी फोन कानाला लावला असता! ‘वलय’ गोल वाटतं, ही कड तर वेलांटीबरोबर वळते. ‘प्रभावळ’ देवाच्या मूर्तीमागे शोभते, ‘खुर्द’च्या मागे नाही. आणि नदीच्या नकाशात ‘काठ’ म्हणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. सुचवा.

पारोळ्याहून :
‘गोट’ कसा वाटतो? टोपीला, चोळीला कडेने वेगळ्या रंगाची पट्टी शिवतात तो. “नावाला पांढरा गोट लावला.” शत्रूच्या गोटाशी घोळ होईल म्हणाल, पण नकाशा करताना तो गोट कुणाच्या डोक्यात येतो?

धुळ्याहून :
मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. आम्ही ‘आउटलाइन मारणं’ म्हणायचो, अजूनही तेच म्हणतो. शब्द कुठलाही घ्या, पण रंग पांढराशुभ्र नको. मागच्या रंगाशी मिळती, फिकट कड द्या, जाडीही कमी करा. नाही तर दर गावाभोवती चुना सांडल्यासारखा दिसतो.

चोपड्याहून :
गोट आवडला. पण दादा, गोटाने गिचमिड जात नाही. गावांची नावं बघा : बुद्रुक, खुर्द, शिवाय काहींच्या मागे ‘प्र.’ म्हणजे प्रगण्याची, जुन्या महसुली विभागाची, शेपटी. बुद्रुक-खुर्द हे फारसीतले थोरले-धाकटे, त्यांना बु., खु. केलं तरी कुणाचं अडत नाही. मात्र ती अक्षरं गाळू नका, शेजारशेजारची दोन गावं एक होतील. प्रमाण बारीक असेल, म्हणजे नकाशा लांबून बघत असू, तेव्हा फक्त तालुक्याची ठिकाणं दिसू द्या, बाकीची नावं जवळ गेल्यावर. लेबलांना प्रमाणाची मर्यादा घालता येते. (शाळेच्या भूगोलात आपण स्केलला ‘प्रमाण’ आणि लेजंडला ‘सूची’च म्हणत होतो ना? मग आता का लाजायचं?)

मूळ प्रश्नकर्ता :
गोट पक्का. पांढरा काढून फिकट मातकट लावला, बरंच निवळलं. नदीचं नाव तिच्या वळणावरून फिरवून लिहिलं, तेव्हा निराळीच गंमत. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यांना वळण सोसतं. आपल्या ‘पांझरा’ची शिरोरेषा मात्र मणी ओघळल्यासारखी तुकड्यातुकड्यांत तुटली. शेवटी जिथे नदी सरळ वाहते तो पट्टा शोधला आणि तिथे नाव आडवं ठेवलं.

अजून एक. जागा न मिळालेली नावं क्यूजीआयएस गुपचूप गाळतं. छापून आणल्यावर कळलं की एका सरपंचांचं गावच नकाशात नाही, नुसता ठिपका. आता छपाईआधी न बसलेली लेबलं दाखवण्याची खूण चालू करतो, ती लाल दिसतात. त्यांना आपल्यात काय म्हणावं?

पारोळ्याहून :
पंगतीत पान न मिळालेली.