जॅक्सबी: एनमच्या एकाच स्थिरांकासाठी एक्सएमएलमधील अनेक रूपे कशी वाचावीत?

तासगाव_रोड (सांगली):
नमस्कार. शीतगृहातील बेदाण्याच्या साठ्याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर मी काम करीत आहे. एक्सएमएल फाइली जॅक्सबीने (जावा ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांची अदलाबदल करणारी लायब्ररी) वाचतो आणि लिहितो. रंगासाठी हिरवा, पिवळा आणि काळा असे तीन स्थिरांक असलेले एनम (ठरावीक मूल्यांचाच प्रकार) केले आहे. नव्या फाइलींत <रंग>हिरवा</रंग> असे पूर्ण नाव येते, परंतु जुन्या फाइलींत त्याच जागी कधी ‘हि’, तर कधी नुसता १ हा आकडा असतो. वाचताना ही तिन्ही रूपे एकाच स्थिरांकावर यावीत आणि लिहिताना मात्र नेहमी पूर्ण नावच उमटावे, अशी गरज आहे. ‘एक्सएमएलएनमव्हॅल्यू’ या अ‍ॅनोटेशनमध्ये एकच मूल्य देता येते, आणि न जुळणारे मूल्य आले की कसलीही तक्रार न होता फील्डमध्ये नल (म्हणजे काहीच मूल्य नाही) राहते. जावा १७ वापरतो आहे.

कृष्णाकाठ:
एका स्थिरांकाला एकच रूप असते, तर ते अ‍ॅनोटेशन पुरेसे होते. येथे ‘एक्सएमएलअडॅप्टर’चा उपवर्ग लिहावा लागेल. त्यातील वाचताना चालणारी अनमार्शल ही मेथड स्ट्रिंग घेऊन एनम देते, तर लिहिताना चालणारी मार्शल ही एनम घेऊन स्ट्रिंग देते. तिन्ही रूपे एका स्थिर मॅपमध्ये भरा, आलेली स्ट्रिंग मागे-पुढे रिकाम्या जागा असतील तर त्या काढूनच शोधा आणि नलची तपासणी दोन्ही मेथडमध्ये ठेवा. त्यानंतर फील्डवर ‘एक्सएमएलजावाटाइपअडॅप्टर’ लावा.

जावा ११ पासून जॅक्सबी जेडीकेमध्ये (जावाच्या मूळ संचात) नाही, त्यामुळे ते अवलंबित्व वेगळे जोडलेच असेल. आवृत्ती ३ किंवा पुढची असल्यास पॅकेजचे नाव जावाएक्सऐवजी जकार्ताने सुरू होते. दोन्हींची अ‍ॅनोटेशन मिसळली, तर अडॅप्टर लावूनही चालत नाही आणि कारण लवकर सापडत नाही.

तासगाव_रोड (सांगली):
आभारी आहे. तिन्ही रूपे आता नीट वाचली जातात. मात्र अनोळखी मूल्यासाठी अनमार्शलमध्ये अपवाद फेकला, तरी फाइल पूर्ण वाचली जाते आणि रंग नलच राहतो. असे का होते?

मिरज_जंक्शन:
अडॅप्टरमधून फेकलेला अपवाद थेट तुमच्यापर्यंत येत नाही. जॅक्सबी त्याची एक घटना करून ‘व्हॅलिडेशनइव्हेंटहँडलर’कडे सोपवते, आणि अनमार्शलरचा मूळ हँडलर घातक नसलेली प्रत्येक चूक मुकाट्याने पुढे जाऊ देतो. म्हणून सेटइव्हेंटहँडलर वापरून स्वतःचा हँडलर द्या. त्याने फॉल्स परत केले की वाचन तेथेच थांबते आणि ‘अनमार्शलएक्सेप्शन’ मिळते. घटनेच्या लोकेटरकडून ओळ क्रमांकही बहुधा मिळतो. तो लॉगमध्ये लिहिलात, तर शीतगृहाच्या कारकुनाला नेमकी कोणती नोंद दुरुस्त करायची ते सांगता येईल.

अनोळखी रंगासाठी ‘इतर’ नावाचा स्थिरांक ठेवण्याचा मोह होईल, पण तो टाळावा. रंगावर दर ठरतो, आणि ‘इतर’ म्हणून आत आलेला माल सौद्याच्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही.

कृष्णाकाठ:
हे पटते. जुन्या फाइली यापुढे नव्याने येणार नसतील, तर त्या एकदाच वाचून नव्या रूपात लिहून काढा. त्यानंतर अडॅप्टर काढून साधे अ‍ॅनोटेशन ठेवता येईल, हँडलर मात्र तसाच राहू द्या.